शरणप्पा कासाराच्या गाडीचा कान

गेल्या महिन्यात माझ्या नातीनं जुनी मोटारसायकल घेतली. नात इथं नांदेडलाच बँकेत नोकरी करते, स्वतःच्या पगारातून घेतली, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती. तरी सून बोललीच. गाडीच्या टाकीला पोचा, सीटमधून स्पंज बाहेर आलेला, आरसा एकच, आणि तोही मागचा रस्ता सोडून आभाळ दाखवणारा. सून म्हणाली, "उद्या हिला बघायला कुणी आलं, तर आधी हे भंगार बघतील."

मी जिना उतरून खाली गेले, गुडघे धरून वाकले आणि टाकीखाली हात घालून चाचपलं. होता. एवढासा, थंड, तेलकट.

"आजी, तुला काय कळतंय त्यातलं?" नातीनं विचारलं.

"बाई गं," मी म्हटलं, "माझा अख्खा संसार या एवढ्याशा कानावर उभा आहे."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी काहीतरी बरळतेय. म्हणून म्हटलं, शरणप्पा मामांबद्दल एकदा नीट लिहूनच ठेवावं.

शरणप्पा मामा म्हणजे आमच्या चाकूरचे कासार. माझे ते नात्यानं कुणीच नव्हेत. पण पाळण्यातल्या मनगट्यांपासून लग्नाच्या चुड्यापर्यंत ज्यानं आपला हात हातात धरलाय, त्याला मामा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं. उंच, वाळलेले, कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे. चौथा पट्टा ऑइलचा. तो कधी गालावर असायचा, कधी कानामागं, पण असायचा.

त्यांची फटफटी एका म्हाताऱ्या कंपाउंडरकडून घेतलेली. तिचा मूळ रंग कोणता, यावर गावात दोन मतं होती. सीटवर पोतं शिवलेलं. पेट्रोलच्या टाकीला झाकण म्हणून चिंधी गुंडाळलेलं, दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड. हॉर्न नव्हता. चावी नव्हती. चावीच्या जागी नुसतं भोक, आणि त्यात एकदा चिमणीनं काड्या आणून ठेवल्या, तेव्हा मामांनी आठ दिवस गाडी हलवली नाही. "तिला मालूम न्हाई, ह्ये घर फिरतं हाय म्हणून," म्हणाले. चिमणीच शेवटी कंटाळून गेली.

मागं दोन्ही बाजूंना लाकडी पेट्या, त्यात तणसात रचलेल्या बांगड्या. त्यामुळे मामा येताना दोन आवाज यायचे, आधी फटफट आणि त्याच्या आतून किणकिण. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, तो आवाज कानावर आला की तव्यावर भाकरी टाकायची. एक झाली, दुसरी झाली, अशा चार भाकऱ्या झाल्या की मामा दारात. इतका त्यांच्या गाडीचा वेग.

लोक विचारायचे, "एवढ्या खडखडाटात बांगड्या फुटत न्हाईत व्हय?"

"खडखडाटानं काच फुटत न्हाई," मामा सांगायचे. "काच दणक्यानं फुटती. माझी गाडी सगळीच ढिली हाय. दणका बसला तर तो कुणाकुणात वाटला जातो. बांगडीपतूर येईस्तोवर काय उरत न्हाई."

लातूरला असलेल्या मुलांनी एकदा त्यांना नवी कोरी गाडी घेऊन दिली. चकचकीत, ताठ. मामा ती घेऊन बाजाराला जळकोटला गेले आणि पोचेपर्यंत पाच डझन बांगड्यांचा चुरा झाला. वाटेतल्या गावांत एकही बाई बाहेर आली नाही, कारण आवाज ओळखीचा नव्हता. उलट कुत्री मागं लागली. जुन्या गाडीच्या वाटेला कुत्री कधी गेली नव्हती, ती तिला आपल्यातलीच समजत असावीत. आठव्या दिवशी मामांनी नवी गाडी मुलांना परत केली. "हिच्यावर बसलो की मी पाव्हण्यावाणी बसतो," म्हणाले. "अंग चोरून. ती माझी, तिच्यावर घरच्यावाणी बसता येतं."

बांगड्या भरता भरता ते सोयरिकी जुळवायचे. जुळवल्याबद्दल घ्यायचे काही नाहीत, फक्त चुडा आपल्याच हातचा असायला हवा, एवढी अट. पन्नास गावांतल्या बायकांचे हात त्यांनी धरले होते. "सासरी कसं चाललंय, त्ये तोंड सांगत न्हाई, हात सांगतो," असं त्यांचं म्हणणं. हात भरताना त्यांचं एकच वाक्य असायचं, "हात सैल सोड." बाईनं हात सैल सोडला की बांगडी आत. नाही सोडला, तर ते ओळखायचे की हिचं मन कुठंतरी आवळलेलं आहे.

आता माझ्याकडं येते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, बी.ए.ला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. लातूरच्या कॉलेजात जाऊन आल्यापासून चाकूर मला खेडं वाटायला लागलं होतं. नवरा कसा हवा, याबद्दल माझे विचार पक्के होते. स्कूटर नवी हवी. नवरा थोडाफार जुना चालला असता.

अशी मी परीक्षेच्या दिवशी, भांग तिसऱ्यांदा मोडून पुन्हा पाडण्यात, लातूरची एसटी चुकवली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दुकानातून हाक मारली. शरणप्पा मामा लातूरला निघालेच होते. अप्पांनी मला दोन पेट्यांच्या मध्ये बसवलं, जसं गूळ-पोहे पाठवावेत तसं.

मी ओढणीनं सगळं तोंड झाकून घेतलं. कुणी ओळखलं तर इज्जत जाईल. पण मामांची गाडी म्हटल्यावर प्रत्येक गावात बायका रस्त्यावर.

"मामा, ही कुणाची?"

"किराणावाल्या गुरलिंगप्पाची थोरली. पेपरला जायलीया. इतिहास कच्चा हाय."

पुढच्या गावात पुन्हा तेच. लातूर येईपर्यंत माझा इतिहास कच्चा असल्याची खबर सात गावांना लागली होती.

एका चढाच्या आधी मामांनी वाकून टाकीखाली काहीतरी पिळलं. थोडं पुढं जाऊन गाडी खोकली आणि गप्प झाली. मला वाटलं, संपला पेपर.

"बिघडली?"

"न्हाई गं. जरा दम खाऊ दे तिला." त्यांनी मला खाली वाकून तो पेट्रोलचा कॉक दाखवला. "ह्यो हिचा कान. पिळला की गप, परत पिळला की बोलायला लागती. पर पिळल्याबरुबर गप व्हत न्हाई. पोटात असंल तेवढं बोलून घेती, मंग बंद. आता इतक्या वर्सांत मला बरुबर ठाव हाय, कुठं पिळला म्हंजी कुठं बंद पडंल."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. शहाण्या मुली महत्त्वाचं तेवढं बरोबर सोडून देतात.

खरं सांगायचं तर मजा आली होती. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. चिंचेच्या झाडांखालून जाताना चालत्या गाडीवरून हात वर करून मी चिंचा तोडल्या, इतकं ते चालणं निवांत होतं. खालून इंजिनाची ऊब, दोन्ही बाजूंना बांगड्यांची किणकिण, आणि कुठं काही पडलं-झडलं तर थांबून उचलता येईल असा भरवसा. घंटा वाजता वाजता मी हॉलमध्ये शिरले. तिथल्या बाईंनी माझ्या वेणीतलं तणस एकेक काडी काढून टेबलावर ठेवलं. कॉपीचा संशय असावा.

मग मला स्थळं यायला लागली. पहिलं लातूरचं. मुलगा स्वतःच्या स्कूटरवर आला, इतकी नवी की सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. मी खिडकीतून ते प्लॅस्टिक बघितलं आणि मनातल्या मनात होकार दिला. मुलाकडं अजून बघायचं होतं.

मामा मागून आले, आणि नेहमीप्रमाणं त्यांची गाडी बरोबर आमच्या दारात बंद पडली. जिथं मुलगी दाखवायची, तिथं ती दारातच बंद पडायची, असं सगळेच म्हणायचे. आणि मामा प्रत्येक मुलाला तेच सांगायचे.

"पाव्हणं, जरा सुरू करून देता का? माझा गुडघा दुखायलाय."

त्या मुलानं आधी रुमाल काढून हात पुसले, गाडीला हात लावायच्या आधीच. मग आठ-दहा किका मारल्या. मग घड्याळ बघितलं. मग इकडंतिकडं बघितलं, आणि कुणी बघत नाहीसं वाटल्यावर बुटानं एक लाथ हाणली. गाडी आडवी, पेट्या आडव्या, तीन डझन बांगड्या दारात.

"भंगार," तो म्हणाला.

मामा खाली बसून काचा वेचत होते. तो गेल्यावर अप्पांना म्हणाले, "ह्ये नको."

"अहो, एका गाडीपायी?"

"गुरलिंगप्पा, बाईमाणूस हाय. रोज चालूच राहील काय? एखाद्या दिशी बंद बी पडंल."

मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाही. एका खटाऱ्यापायी माझी स्कूटर गेली, याचा मला इतका संताप आला की मी ठरवलं, आता या म्हाताऱ्याच्या परीक्षेत मीही भाग घेणार. म्हातारा म्हणतेय, पण ते तेव्हा चाळिशीचे होते.

दुसरं स्थळ मामांनीच आणलं. हिमायतनगरकडचा शाळामास्तर. त्याच्याकडं सायकल होती. सायकल. मी ऐकलं आणि बेत पक्का केला. हा गडी नापास झाला पाहिजे.

मास्तर वडलांबरोबर एसटीनं आले, चपला धुळीनं भरलेल्या. मामांची गाडी दारात बंद पडली. मंडळी आत पाय धुत होती तेवढ्यात मी परसातून फिरून दारात गेले, टाकीखाली हात घातला आणि कान पिळला. तो आधी कुठल्या बाजूला होता, ते बघायला वेळ नव्हता आणि अक्कलही नव्हती. आता मार म्हटलं किका, मार दिवसभर.

थोड्या वेळानं मामांनी तेच वाक्य म्हटलं. मास्तरांनी धोतर नव्हे, पँट जरा वर ओढली, गाडीला "ये बाई" म्हणाले आणि एक किक मारली.

एक.

गाडी अशी काही पेटली, की दारातल्या कोंबड्या शेजारच्या घरात गेल्या. चाकूरच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. अव्वानं हात जोडले. अप्पांनी मास्तरांच्या वडलांचा हात धरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हाव, हाच. ह्यो शकुन हाय." मास्तर स्वतः दचकून एक चप्पल टाकून मागं सरले होते.

"मामा, बंद कशी करू?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्या गाडीबद्दल आजवर कुणी विचारला नव्हता. मामा पेट्यांच्या दोऱ्या आवळायला लागले. बंद करायचा रस्ता एकच, कान पिळायचा, आणि ते चारचौघांत दाखवायची त्यांची तयारी नव्हती. का नव्हती, ते मला तेव्हा कळलं नाही. कान माहीत असलेली दुसरी व्यक्ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि तिचीही तयारी नव्हती.

तेव्हा माझं बघणं चालू गाडीच्या आवाजात झालं. मास्तरांचे वडील ओरडून विचारत होते, "पुढं शिकायचं म्हणते का पोरगी?" अप्पा ओरडून सांगत होते, "इतिहास कच्चा हाय." कपबशा किणकिणत होत्या. मास्तरांनी ओठावर बोट ठेवून त्या खटाऱ्याला गप्प बसायची खूण केली, वर्गात करतात तशी, आणि मला हसू फुटलं. चहा बशीत सांडला. बोलणी तिथंच, ओरडून ओरडून, पक्की झाली. मामांना अचानक बाजाराची आठवण झाली, आणि ते चालू गाडीवर बसून चहा अर्धा टाकून निघून गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मामा चुडा भरायला आले. सगळ्या बायका जेवायला बसल्यावर हळूच म्हणाले, "पोरी, त्या दिशी माझ्या गाडीला कुणी हात लावला व्हता का?"

"न्हाई मामा. का?"

"मी दर बारीला फर्लांगभर आधी कान बंद करून येतो. म्हणून तर दारात बंद पडती. बंद गाडी कुणाच्यानं बी सुरू व्हत न्हाई. सुरू व्हईना म्हंजी गडी काय करतो, एवढंच बघायचं असतंय मला. तुझ्या मास्तराच्या टायमाला बी कान बंद व्हता. मंग सुरू कशी झाली?"

मी बंद करायला गेले होते, आणि बंद असलेला उघडून आले होते. ज्या शकुनावर माझं लग्न ठरलं, तो शकुन माझ्याच तेलकट बोटांनी झाला होता. सांगितलं असतं तर मामा तिथंच उठले असते आणि लग्न थांबवून परीक्षा परत घेतली असती, इतके ते हट्टी. आणि मला तेव्हा लख्ख कळलं की मला हे लग्न मोडायला नको आहे. ओठावर ठेवलेलं ते बोट दोन महिने माझ्या डोळ्यांसमोरून गेलं नव्हतं.

"मला काय मालूम," मी म्हटलं.

"हात सैल सोड," मामा म्हणाले. मला सोडता येईना.

चुडा भरला तो एक बांगडी कमी. ती त्यांनी कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली. "पोराची परीक्षा राहिलीया. झाली की देतो."

त्यानंतर पस्तीस वर्षं मी माहेरी गेले की मामा चार भाकऱ्यांच्या अंतरावरून यायचे, माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघायचे, आणि विचारायचे, "त्रास तर देत न्हाई ना?" त्यांनी जुळवलेल्या सगळ्या सोयरिकींत माझी एकच बिनपरीक्षेची, आणि तिची फिकीर त्यांना सुटत नव्हती. परीक्षा मात्र जमायची नाही. मास्तर दिवाळीत येणार, मामा बाजाराला गेलेले. मामा दारात, तर मास्तरांचं शाळेचं ट्रेनिंग.

आणि आमचे मास्तर हळूहळू तापट झाले होते, हेही सांगून टाकते. माझ्यावर नव्हे, वस्तूंवर. कुकर, रेडिओ, मिक्सर, यांच्याशी त्यांची भांडणं. टीव्हीचा रिमोट त्यांनी दोनदा भिंतीवर फेकला होता.

भाचीच्या लग्नाला आम्ही चाकूरला गेलो, तेव्हा मामा पंच्याहत्तरीचे होते. मांडवाबाहेर फटफट, किणकिण, आणि मग एकदम शांतता. गाडी बरोबर दारात बंद. मी भाजी निवडत होते, हातातली जुडी खाली पडली.

"जावईबापू," मामांचा आवाज आला, "जरा सुरू करून देता का? गुडघा दुखायलाय."

आता नापास झाले तर काय, परत करायचं होतं का त्यांना? तरी मला वाटत होतं, जसा माझाच निकाल लागायचा आहे. मी दारात जाऊन उभी राहिले. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. किक मारली. दहा, पंधरा. शर्ट घामानं भिजला. मान लाल झाली. ती लाल झाली की पुढं काय होतं, ते मला आणि आमच्या मिक्सरला माहीत होतं. त्यांनी पाय मागं घेतला.

आणि खाली ठेवला. गाडीशेजारी जमिनीवर बसले, टाकीला पाठ टेकून.

"मामा, एक सांगू? त्या दिवशी एका किकमध्ये सुरू झाली, तेव्हापासून माझ्या मनात आहे. मी काहीच केलं नव्हतं. इतकी वर्षं या घरात सगळे माझं कौतुक करून राहिले, त्या एका किकसाठी. ती किक माझी नव्हती. आज सुरू होत नाही, तेच बरोबर आहे." मग टाकीवर हात थोपटत म्हणाले, "बसू द्या हिला. मी ढकलत नेतो, कुठं न्यायची ते सांगा."

मामा माझ्याकडं बघायला लागले. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"मामा, त्या दिवशी कान मी पिळला होता."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. तुझ्या हातची बशी उचलली, तर तिच्यावर काळा अंगठा." मामा हसले, तोंडात चारच दात. "म्हटलं, पोरीला गडी लई आवडलाय. त्यो नापास होऊ नये म्हणून हिनं जाऊन कान उघडला. मंग मी कशाला आडवा येऊ? पर चुड्याच्या टायमाला विचारलं तर कबूल हुईना. म्हटलं, लाजली असंल."

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं पस्तीस वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

आता मी काय सांगायचं होतं? की मी बंद करायला गेले होते? मी खाली पडलेली भाजीची जुडी उचलायला वळले.

"आता उघड," मामा म्हणाले. मी वाकून, या वेळी नीट बघून, कान उघडला. मास्तरांनी किक मारली. लगेच नाही झाली, चौथ्याला झाली. ती चारही त्यांच्या स्वतःच्या.

मामांनी पेटीच्या तळातून कागदाची पुडी काढली. हिरवी बांगडी, पस्तीस वर्षांपूर्वीच्या मापाची. माझ्या हाताचं तोवर जे झालं होतं, ते बघून मीच म्हटलं, "मामा, ही आता नाही जायची."

"हात सैल सोड."

सोडला. बांगडी कधी आत गेली, मला कळलं नाही. अजून हातात आहे. निघत नाही, आणि मी काढून बघितलेलीही नाही.

मामा पोत्याच्या सीटवर घरच्यासारखे बसले आणि निघाले. वळणावर त्यांचा हात टाकीखाली गेलेला दिसला, बहुधा सवयीनं, कान चाचपून बघायला. त्या दिवसानंतर ते मला पुन्हा दिसले नाहीत.

"खरंच का गं," मास्तरांनी हळूच विचारलं, "तू कान उघडला होतास?"

"उघडला होता," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाकीचं आज इथं लिहिलंय, कारण मी लिहिलेलं मास्तर वाचत नाहीत.

आत चुलीपाशी तेव्हा अव्वा नव्हती, तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. पण चार भाकऱ्या होतील एवढा वेळ ती किणकिण येत राहिली, आणि आम्ही दोघांनी दारात उभं राहून ती संपेपर्यंत ऐकली.